वेश, देह आणि रूपांतर: एका सोयीस्कर विस्मरणाविषयी

१

शेक्सपिअरच्या नाटकांची रूपांतरे हा विषय घेऊन मराठीत लिहिल्या जाणाऱ्या प्रबंधांची व समीक्षालेखांची मांडणी आता इतकी ठरून गेली आहे की अनुक्रमणिका पाहूनच आतला मजकूर सांगता यावा. मूळ कथानक व रूपांतरित कथानक, मूळ पात्रे व त्यांचे देशी अवतार, गाळलेले प्रवेश, वाढवलेले प्रवेश, भाषेचे स्तर, आशयसूत्रातील बदल अशी प्रकरणे क्रमाने येतात. शेवटच्या प्रकरणाच्या अखेरीस ‘इतर प्रयोगघटक’ असा एक उपविभाग असतो आणि त्यात नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत यांच्या रांगेत वेशभूषेला दोन वाक्ये मिळतात. वेशभूषा पात्रानुरूप व कालानुरूप आहे, हे पहिले वाक्य. तिने वातावरणनिर्मितीस हातभार लावला आहे, हे दुसरे. अभिनयाच्या वाट्याला याहून थोडा अधिक मजकूर येतो, पण तो विशेषणांचा असतो: समर्थ, संयत, परिणामकारक. एवढे उरकले की समीक्षक पुन्हा संहितेकडे, म्हणजे त्याच्या मते मुख्य विषयाकडे वळतो.

हा केवळ मांडणीचा आळस असता तर त्यावर लेख खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु या मांडणीमागे एक सिद्धान्त दडलेला आहे आणि तो कधीच सिद्धान्त म्हणून मांडला जात नसल्यामुळे त्याचे खंडनही होत नाही. तो असा की रूपांतर शब्दांत घडते. नट आणि वेश ते घडून गेल्यावर दाखवतात. नाटकाचा अर्थ रूपांतरकाराच्या टेबलावर निश्चित होतो आणि रंगपटात त्यावर कपडे चढतात, असे हे चित्र आहे. ते चुकीचे आहे. शेक्सपिअरच्या बाबतीत तर ते दुप्पट चुकीचे आहे, कारण ज्या संहितेच्या निष्ठेपायी वेश आणि देह बाजूला सारले जातात, ती संहिताच वेश आणि देह यांच्याविषयी सतत बोलत असते.

२

या विस्मरणाची परंपरा भारतीय नाही, एवढे तरी आधी नोंदवले पाहिजे. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनय चतुर्विध आहे: आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक. वेश, अलंकार आणि अंगरचना ही तेथे अभिनयाची साधने नसून स्वतःच अभिनय आहेत. इतकेच नव्हे, तर सगळा प्रयोग आहार्यावर अधिष्ठित असल्याचे भरत या विषयाच्या आरंभीच सांगतो. हे विधान मराठीतला प्रत्येक नाट्यसमीक्षक एकदा तरी उद्धृत करतो, आणि प्रत्यक्ष प्रयोगाविषयी लिहिताना ते विसरतो. चार अभिनयांपैकी वाचिकाचे तेवढे विश्लेषण करायचे, सात्त्विकाचे कौतुक करायचे, आंगिकाचा उल्लेख करायचा आणि आहार्य शिंप्यावर सोपवायचे, अशी ही विभागणी आहे.

तिचे मूळ विद्यापीठांतील इंग्रजीच्या अध्यापनात शोधावे लागते. कॅरोलाइन स्पर्जन यांनी १९३५ साली शेक्सपिअरच्या प्रतिमासृष्टीवरील ग्रंथात ‘मॅक्बेथ’मधील वस्त्रांच्या प्रतिमा वेचून दाखवल्या. परक्याचे, अंगाला न बसणारे कपडे घातलेला खुजा माणूस असे मॅक्बेथचे चित्र त्यांनी त्यातून उभे केले. क्लिअँथ ब्रुक्स यांनी १९४७ साली त्याला दुरुस्ती सुचवली: कपडे मोठे आहेत हा मुद्दा नाही, ते त्याचे नाहीत, चोरलेले आहेत, हा मुद्दा आहे. दोन्ही विवेचने मौलिक आहेत आणि पदव्युत्तर वर्गात ती शिकवलीच पाहिजेत. पण दोन्हींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे कपडे हे शब्द आहेत. ज्या नटाच्या तोंडी ती वस्त्रांची भाषा आहे, त्याच्या अंगावर त्या क्षणी खरोखरचे वस्त्र आहे आणि राज्याभिषेकानंतर ते बदललेले आहे, हा प्रश्न कोणाला पडत नाही. नव्या समीक्षेने वस्त्राची प्रतिमा केली, आणि वस्त्राची प्रतिमा होताच वस्त्र नाहीसे झाले.

शेक्सपिअरच्या रंगभूमीला ही चैन परवडणारी नव्हती. त्या नाटकमंडळ्यांच्या मालमत्तेत कपडे हा मोठ्या किमतीचा ऐवज होता. १५९९ साली लंडनला आलेल्या थॉमस प्लॅटर या स्विस प्रवाशाने लिहून ठेवले आहे की सरदार आपली उंची वस्त्रे मरणोत्तर सेवकांना देऊन जातात आणि ती अंगावर घालणे सेवकांना शोभत नसल्याने ते ती नटांना विकतात. कोणी कोणते कापड ल्यावे यावर कायद्याचे निर्बंध असलेल्या समाजात (हे निर्बंध १६०४ साली उठले) नट सरदाराचा खराखुरा अंगरखा घालून सरदार होत असे. ‘टायटस अँड्रॉनिकस’चे म्हणून ओळखले जाणारे त्या काळातील एक रेखाचित्र उपलब्ध आहे. त्यात नायकाच्या अंगावर रोमन पद्धतीचे वस्त्र आहे, तर त्याच चित्रातले सैनिक एलिझाबेथकालीन पोशाखात उभे आहेत. म्हणजे काळाची सरमिसळ हा विसाव्या शतकातील दिग्दर्शकांचा शोध नाही. बॅरी जॅक्सन यांनी १९२५ साली लंडनमध्ये आधुनिक पोशाखातील ‘हॅम्लेट’ आणले तेव्हा ते धाडस वाटले. वास्तविक ती एका अर्थी जुन्या प्रथेकडे परत जाणारी वाट होती.

संहितेतील पुरावा तर याहून ठळक आहे. हॅम्लेट आपल्या काळ्या वेशाविषयी बोलतो आणि दुःखाचा पोशाख कोणीही चढवू शकतो, हे स्वतःच सांगतो. मॅल्व्होलिओचे पिवळे मोजे हे ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधले अलंकरण नव्हे, ते काढले तर उपकथानक कोसळते. वादळात लिअर अंगावरचे कपडे उतरवू पाहतो. ‘त्राटिका’च्या रूपाने वा. बा. केळकरांनी ज्या नाटकाला मराठी घर दिले, त्यात नवरदेव स्वतःच्या लग्नाला फाटक्या वेशात येतो आणि वधूचे लग्न आपल्याशी आहे, कपड्यांशी नाही, असे वर ऐकवतो. इतकी उदाहरणे देणाऱ्या नाटककाराच्या रूपांतराचा अभ्यास वेशाला दोन वाक्ये देऊन उरकणे ही संहितानिष्ठाही नव्हे.

३

संहितानिष्ठांना विरोध म्हणून पुढे आलेल्या चिन्हमीमांसेने हा दोष दूर केला, असा एक समज आहे. तो अर्धवट खरा आहे. तादेउश कोव्झान यांनी १९६८ साली रंगभूमीवरील चिन्हांच्या तेरा व्यवस्था सांगितल्या. त्यांत शब्द, स्वर, मुद्रा, हावभाव, हालचाल, रंगभूषा, केशभूषा, वेशभूषा असे सगळे काही स्वतंत्रपणे मोजलेले आहे. वेशभूषेला प्रथमच सैद्धान्तिक पंक्तीत जागा मिळाली, हे मान्य. पण ही जागा स्वतंत्र खोलीसारखी आहे. वेश एका खोलीत, हावभाव दुसऱ्या खोलीत, आणि मधली भिंत समीक्षकाने बांधलेली. या यादीचा आधार घेऊन लिहिले गेलेले लेख मग शब्दकोशासारखे होतात: काळा गणवेश म्हणजे हुकूमशाही, पांढरी साडी म्हणजे वैधव्य किंवा पावित्र्य, लाल रंग म्हणजे रक्त किंवा वासना. असे अर्थ लावण्यासाठी प्रयोग पाहण्याची गरज नसते, छायाचित्र पुरते.

रोलाँ बार्थ यांनी १९५५ सालीच नाट्यवेशाच्या ‘रोगां’वर लिहिताना याहून पुढचे पाऊल टाकले होते. इतिहासाच्या तपशिलात बुडालेला वेश, निव्वळ डोळ्यांना सुखावणारा वेश आणि संपत्तीचे प्रदर्शन करणारा वेश, असे हे तीन रोग. निरोगी वेश तो, जो नाटकातील सामाजिक संबंध उघड करतो आणि त्यानंतर स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाही. बार्थ यांच्या या निकषात एक भर घालणे आवश्यक आहे. सामाजिक संबंध उघड करण्याचे काम वेश एकट्याने करीत नाही. तो वागवणारा देह ते करतो. वेश काय परवानगी देतो, काय अडवतो, तो कोण चढवतो, कोण उतरवतो, या गोष्टी घडल्या की मगच त्याला अर्थ येतो. वेश आणि अभिनय यांच्या या सांध्यावर शेक्सपिअरचे आधुनिक रूपांतर उभे राहते किंवा कोसळते. दोन चित्रपटांच्या आधारे हे दाखवता येते. एकात मूळ संहितेने व्यंग दिलेला देह आहे. दुसऱ्यात संहितेने न दिलेले व्यंग रूपांतराने दिले आहे.

४

रिचर्ड लाँक्रेन यांनी दिग्दर्शित केलेला ‘रिचर्ड तिसरा’ हा चित्रपट १९९५ सालचा. रिचर्ड आयर यांनी १९९० साली नॅशनल थिएटरसाठी केलेल्या प्रयोगातून तो निघाला. पटकथा दिग्दर्शकाची आणि प्रमुख भूमिका करणाऱ्या इयन मॅकेलन यांची. काळ १९३० च्या दशकातला, इंग्लंड कल्पित, आणि हे इंग्लंड फॅसिझमच्या हाती जात असलेले. शुना हारवूड यांच्या वेशभूषेला ऑस्करचे नामांकन मिळाले. या चित्रपटावर लिहिणारे समीक्षक बहुधा येथेच थांबतात. काळा गणवेश, वराहचिन्हाचे लाल झेंडे, जाहीर सभा: म्हणजे रिचर्ड हा हिटलर, आणि रूपांतराचा आशय सापडला. एवढाच आशय असता तर हा चित्रपट शाळकरी रूपक ठरला असता, आणि त्यावर आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे मान्य करावे लागले असते. पंधराव्या शतकातील घराण्यांच्या सत्तासंघर्षाला विसाव्या शतकातील जनआंदोलनी हुकूमशाहीचे कपडे चढवल्याने इतिहास दोन्हीकडून चुकतो, हा आक्षेप वजनदार आहे.

चित्रपटाला त्यातून वाचवतो तो गणवेशाच्या आतला देह. मॅकेलन यांच्या रिचर्डचा डावा हात निकामी आहे. कुबड आहे, पण बेताचे. नीट शिवलेल्या लष्करी कोटात ते जवळजवळ लपते. संपूर्ण चित्रपटभर हा माणूस सगळी कामे एका हाताने करतो. गणवेश या वस्तूचा दावा काय असतो? की तो घालणारे सगळे देह एकसारखे, पूर्ण आणि आज्ञेत आहेत. येथे तो दावा सर्वोच्च पदावरच्या माणसाच्या अंगावर प्रत्येक क्षणी खोटा ठरत असतो, आणि ही लबाडी पेलण्याचे कौशल्य हाच त्याचा अभिनय असतो. दोन हातांची कामे एका हाताने इतक्या सफाईने उरकणारा माणूस सतत सराव करीत आलेला आहे, हे प्रेक्षकाला शब्दांशिवाय कळते. सत्तेचे नाटकही त्याने असेच घटवलेले आहे.

ॲनच्या प्रियाराधनाचा प्रवेश या दृष्टीने पुन्हा पाहावा. चित्रपटात तो शवागारात घडतो. रिचर्डला आपल्या बोटातली अंगठी काढून तिला घालायची आहे आणि ती काढायला दुसरा हात नाही. तो बोट तोंडात घालतो, दातांनी अंगठी ओढून काढतो आणि थुंकीने ओली झालेली ती अंगठी तिच्या बोटात सरकवतो. मूळ नाटकात अंगठी आहे, थुंकी नाही. ही एक कृती वेशाचा तपशील, देहाचे व्यंग आणि प्रवेशाचा आशय एकत्र बांधते. किळस आणि संमती यांतले अंतर किती थोडे असते, हे नाटकाच्या पानोपानी सांगितलेले तत्त्व येथे एका दागिन्याच्या ओलेपणात येते. कोव्झान यांच्या यादीत हिची नोंद कोठे करणार? अलंकार वेशभूषेत, दात मुद्रेत, बोट हावभावात, आणि अर्थ कोठेच नाही.

याच प्रवेशाच्या शेवटी मूळ संहितेतला रिचर्ड म्हणतो की आता एक आरसा विकत घ्यावा आणि पाच-पन्नास शिंपी पदरी ठेवून देह सजवण्याच्या तऱ्हा शोधाव्या. शिंप्यांचा हा उल्लेख उपहासाचा म्हणून वाचला जातो. पण चित्रपट त्याला कार्यक्रम म्हणून वाचतो: लष्करी पोशाखापासून काळ्या गणवेशापर्यंतचा रिचर्डचा प्रवास हे त्या वाक्याचेच भाष्य आहे. आरंभीचे प्रसिद्ध स्वगत तो आधी मेजवानीत ध्वनिक्षेपकासमोर भाषण म्हणून सुरू करतो आणि उरलेले स्वच्छतागृहात एकट्याने बोलतो. तेथे आरशात त्याला आपण दिसतो आणि तो वळून थेट प्रेक्षकाशी बोलू लागतो. पोशाख तोच, शब्द तेच. एक अर्धे जगासाठी, दुसरे प्रेक्षकासाठी. संहितेत एकसंध असलेल्या भाषणात हे दुभंगलेपण ज्याने आणले तो नट आहे, रूपांतरित शब्द नव्हेत.

याला एक पुढचा प्रश्न जोडलेला आहे आणि तो टाळणे अप्रामाणिक ठरेल. निकामी हात ‘करून दाखवणारा’ नट आणि तसा हात असलेला नट यांत फरक आहे की नाही? लेस्टर येथे २०१२ साली सापडलेल्या रिचर्डच्या सांगाड्यात मणक्याची वक्रता आढळली. वाळलेल्या हाताचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे तो हात नाटकाचा आहे, इतिहासाचा नाही. २०२२ साली रॉयल शेक्सपिअर कंपनीने ही भूमिका आर्थर ह्यूज या हाताचे जन्मजात अपंगत्व असलेल्या नटाला दिली. आता संहितेतील शब्द तेच राहिले तरी व्यंगाविषयीची प्रत्येक ओळ वेगळी ऐकू येते, कारण नाटक संपल्यावर हा हात उतरवून ठेवता येत नाही. हा फरक ज्या समीक्षेला मांडता येत नाही, तिने रूपांतराच्या राजकारणाविषयी बोलण्याची घाई करू नये.

५

विशाल भारद्वाज यांचा ‘ओंकारा’ (२००६) हा मराठी विद्यापीठांतील रूपांतर-अभ्यासाचा आवडता चित्रपट आहे, आणि त्याच्याविषयी जे लिहिले जाते ते तक्त्याच्या रूपात सहज मांडता येते. व्हेनिसच्या जागी पश्चिम उत्तर प्रदेश, सेनापतीच्या जागी बाहुबली, वर्णाच्या जागी जात, रुमालाच्या जागी कमरबंद, इयागोच्या जागी लंगडा त्यागी. डाव्या रकान्यातून उजव्या रकान्यात वस्तू हलवल्या की रूपांतराची समीक्षा पूर्ण झाली, असा हा हिशेब आहे. या ‘च्या जागी’ समीक्षेने जे नुकसान केले आहे ते पाहण्यासाठी तक्त्यातल्या शेवटच्या तीन नोंदी पुरेशा आहेत.

लंगडा त्यागीपासून आरंभ करावा. शेक्सपिअरचा इयागो दिसायला निर्दोष आहे. सगळे त्याला प्रामाणिक म्हणतात आणि त्याच्या रूपात, वेशात, चालीत तसे न म्हणण्याचे एकही कारण नाटकाने ठेवलेले नाही. अखेरच्या प्रवेशात सत्य कळल्यावर ऑथेल्लो त्याच्या पायांकडे पाहतो: सैतानाचे खूर दिसतात का, हे शोधतो, आणि ती केवळ दंतकथा असल्याचे स्वतःच म्हणतो. दुष्टाव्याची खूण देहावर नसते, हे या शोकात्मिकेचे सर्वांत भयंकर ज्ञान आहे, आणि ते एका नटाने दुसऱ्या नटाच्या पायांकडे पाहण्यातून प्रकट होते. ‘ओंकारा’ने नेमकी पायावरच खूण ठेवली. सैफ अली खान यांचा त्यागी बारीक कापलेल्या केसांचा, डागाळलेल्या दातांचा आणि लंगडणारा आहे. व्यंग त्याच्या नावातच गेले आहे. इयागोला रिचर्डचा पाय मिळाला.

हा बदल ‘स्थानिक रंग’ म्हणून प्रशंसिला जातो. त्याची किंमत कोणी मोजत नाही. व्यंग असलेला माणूस खल असतो, हा जुना आणि क्रूर संकेत येथे मागच्या दाराने परत आला आहे. आणि कोलरिजने ज्याला हेतूशून्य दुष्टता म्हटले, तिला एका अधू पायाचा हेतू चिकटला आहे. वेश आणि चाल यांची ही निवड नाटकाचा तात्त्विक गाभा बदलते. संवादांचा एकही शब्द न पाहता हे सांगता येते, आणि संवादांचे सगळे शब्द पाहूनही ते सांगता येणार नाही.

तरीही निकाल येथेच देता येत नाही, कारण नटाने त्या निवडीत स्वतःचे काही घातले आहे. केसूला बाहुबलीपद मिळाल्यानंतर त्यागी एकटा आरशासमोर येतो, आरसा फोडतो आणि रक्ताळलेल्या हाताने स्वतःच्या कपाळावर टिळा ओढतो. कपाळावरचा टिळा हा आहार्याचा भाग आहे. समारंभात तो दुसऱ्याने लावायचा असतो. ज्याच्या कपाळी तो लागला नाही तो स्वतःच्या रक्ताने लावून घेतो. येथे लंगडेपणा बाजूला राहतो आणि डावलले गेलेल्या माणसाचा अपमान समोर येतो. रिचर्ड आरशात पाहून प्रेक्षकाला सामील करून घेतो. त्यागी आरसा फोडून प्रेक्षकालाही बाहेर काढतो. अधू पायाने गमावलेले काही अंशी या हाताने परत मिळवले, असा निवाडा करावा लागतो. तो वादग्रस्त असेल. पण तो निवाडा आहे. ‘सैफ अली खान यांनी ताकदीने उभा केलेला इयागो’ हा निवाडा नव्हे.

६

कमरबंदाची कथा उलट दिशेने जाते. रुमाल हातात असतो, पडतो, विसरतो. शेक्सपिअरच्या नाटकावर घेतला जाणारा जुना आक्षेप हाच की एवढ्याशा कापडाच्या तुकड्यावर एवढी शोकात्मिका उभारली. कमरबंद अंगावर ल्यायचा असतो, तोही कमरेला. तो काढावा लागतो. खानदानी दागिना म्हणून ओंकारा तो डॉलीला देतो, पुढे इंदूच्या हातून तो त्यागीच्या हाती पडतो आणि केसूमार्फत बिल्लोकडे पोहोचतो. रुमालाच्या प्रवासात योगायोग होता. दागिन्याच्या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर स्त्रीचा देह आहे. पुरावा म्हणून जे मागितले जाते तेच मुळी तिच्या कमरेवरची मालकी आहे, हे ‘ऑथेल्लो’मध्ये अध्याहृत असलेले सत्य येथे वस्तूच्या जागेमुळे उघडे पडते. म्हणूनच कोंकणा सेन शर्मा यांची इंदू या रूपांतराचे केंद्र होऊ शकते आणि अखेरीस नवऱ्याचा गळा चिरण्याचा अधिकार तिच्याकडे येतो. एमिलियाला शेक्सपिअरने वाणी दिली होती. इंदूच्या हाती रूपांतराने शस्त्र दिले.

आता तक्त्यातली सर्वांत महत्त्वाची नोंद: वर्णाच्या जागी जात. रंगभूमीवर ऑथेल्लोचा वर्ण दीर्घकाळ अंगरचनेने, म्हणजे गोऱ्या नटाच्या देहावर काळा रंग फासून दाखवला गेला. लॉरेन्स ऑलिव्हिए यांचा १९६५ सालचा चित्रपट हे त्याचे ठळक उदाहरण. पॉल रोब्सन यांनी १९३० साली लंडनमध्ये आणि १९४३ साली ब्रॉडवेवर ही भूमिका केली तेव्हा त्या रंगाचा अर्थ बदलला, कारण तो धुऊन टाकता येणारा नव्हता. जातीचे काय? ती रंगवता येत नाही. मग ती नटाच्या देहावर कशी आणायची, हा प्रश्न रूपांतरकारापुढे होता. ‘ओंकारा’ने त्याचे उत्तर जवळजवळ दिलेले नाही. नायक ‘अर्धा ब्राह्मण’ आहे, हे इतरांच्या तोंडून कळते. अजय देवगण यांच्या वेशात, बसण्याउठण्यात, इतरांनी त्याच्याशी राखलेल्या अंतरात ते फारसे दिसत नाही. तो सगळ्यांत रुबाबदार आहे आणि खोलीत शिरला की जागा त्याची होते. जोडीला डॉलीचा गोरेपणा आणि त्याचा काळेपणा यांची थट्टाही संवादांत ठेवलेली आहे. म्हणजे जातीचा आधार पुरेसा वाटला नाही म्हणून वर्ण पुन्हा बोलावला. तक्ता सांगतो तसे ‘वर्णाच्या जागी जात’ आलेलीच नाही. शब्दांत जात आणि डोळ्यांसमोर वर्ण, अशी ती तडजोड आहे.

जात वेशात दिसत नाही, म्हणून चित्रपटाचा इलाज नव्हता, असा बचाव कोणी करील. महाराष्ट्रातील अभ्यासकाने तरी तो करू नये. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून जे सांगितले त्यात लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे दागिने यांवरून जात ओळखली जाते, ती खूण टाकून द्या, हा भाग होता. कापड, त्याची उंची, दागिन्याचा धातू, हे सगळे जातीचे आहार्य होते आणि ते बदलणे हे राजकीय कृत्य होते. त्यांचा स्वतःचा सूट हा या विचाराचाच पुढचा अध्याय. ज्या प्रदेशाला हा इतिहास आहे, तेथल्या समीक्षेने एका चित्रपटात जातीने कोणते कपडे घातले आहेत हा प्रश्नच न विचारता ‘सामाजिक वास्तवाशी नाते जोडणारे रूपांतर’ असा शिक्का मारावा, हे विस्मरण निरुपद्रवी नाही. जात हा केवळ उल्लेखाचा विषय होऊन राहते, आणि उल्लेख करून मोकळे होण्याची सोय सर्वांनाच हवी असते.

७

या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की प्रयोग क्षणभंगुर आहे, संहिता टिकाऊ. समीक्षेने टिकाऊ गोष्टीवर उभे राहावे. रंगभूमीपुरता हा आक्षेप समजण्यासारखा होता. चित्रपटाच्या बाबतीत त्याला अर्थ उरलेला नाही: अंगठीचा तो प्रसंग कोणत्याही विद्यार्थ्याला हवा तितक्या वेळा थांबवून पाहता येतो. आज विभागांतून ‘ऑथेल्लो’ शिकणाऱ्या मुलांपैकी अनेकांची शेक्सपिअरशी पहिली भेट पडद्यावरच होते. त्यांना चित्रपट दाखवायचा आणि प्रश्नपत्रिकेत संहिता विचारायची, ही फसवणूक आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. वेश आणि अभिनय यांच्याविषयीचे लेखन व्यक्तिसापेक्ष होते, त्याला शिस्त नसते, असा तो आहे. शिस्त नसते हे खरे. पण ती नाही, याचे कारण ती घडवण्याचे काम झालेले नाही. त्यासाठी अवघड परिभाषेची गरज नाही. प्रत्येक महत्त्वाच्या वेशापाशी चार प्रश्न विचारावेत. हा वेश या देहाला काय करू देत नाही? तो कोण चढवतो आणि कोण उतरवतो? नट त्याच्याशी जे करतो ते संहितेत आहे की नाही, आणि नसेल तर त्याने संहितेच्या अर्थात कोणता फरक पडला? आणि हा वेश दुसऱ्या नटाच्या देहावर तोच अर्थ देईल काय? या प्रश्नांची उत्तरे दृश्याच्या आधारे तपासता येतात, खोडता येतात. शब्दप्रतिमांच्या याद्यांहून ती कमी वस्तुनिष्ठ नाहीत.

या दुर्लक्षाचे फळ मराठीने एकदा भोगलेले आहे. आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) आणि देवलांचा ‘झुंझारराव’ (१८९०) या दोन रूपांतरांची संहिता उपलब्ध आहे. त्यांतील भाषेविषयी, मुळाशी असलेल्या इमानाविषयी पानेच्या पाने लिहिली गेली. गणपतराव जोशी यांच्या चंद्रसेनाने महाराष्ट्राला हॅम्लेट दिला, हे वाक्य प्रत्येक इतिहासग्रंथात भेटते. पण त्या हॅम्लेटने शोकाचा वेश कोणता धारण केला होता, तो कधी टाकला, झुंझाररावाच्या अंगावर कोणता रंग होता आणि कमळजेने त्याच्याकडे पाहताना तो दिसत होता का, हे आज जाणून घ्यायचे म्हटले तर हाती आठवणींचे तुकडे आणि विशेषणे येतात. शेक्सपिअर मराठी झाला तो क्षण त्या देहांवर घडला होता. समीक्षेने जपून ठेवले ते त्यांनी उच्चारलेले शब्द. आज तीच चूक करण्याला त्या काळातील समीक्षकांइतकीही सबब उरलेली नाही, कारण देह पडद्यावर आहे, वेश पडद्यावर आहे, आणि ‘इतर प्रयोगघटक’ हा उपविभाग मात्र अजून शेवटच्या प्रकरणाच्या शेवटी तसाच आहे.